घरच्या विहिरीची निगा : एक प्रात्यक्षिक पाठ

पाठाचा आरंभ प्रश्नाने करावा : “स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच काय?” बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. ही समजूत दूर करणे हाच या पाठाचा हेतू होय.

नंतर मुलांस जवळच्या एखाद्या घरच्या विहिरीवर न्यावे. विहिरीस पक्का कठडा व बाहेर उतरता ओटा आहे काय, सांडपाणी दूर वाहून जाते काय, शौचालयाचा खड्डा व उकिरडा निदान १५ मीटर अंतरावर आहेत काय, हे पाहून वहीत टिपण्यास सांगावे.

वरच्या वर्गास गणित घालावे. विहिरीचा व्यास २ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असता पाणी सुमारे ९,४२० लिटर भरते. दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम या प्रमाणाने चांगली ब्लीचिंग पावडर सुमारे २४ ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवावी. चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी तेवढी विहिरीत मिसळावी व निदान एक तास पाणी उपसू नये.

परंतु पावडरीने वा उकळण्याने रोगजंतू मरतात, कारखान्यांची रसायने नाहीशी होत नाहीत, हे आवर्जून सांगावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. म्हणून बोईसर-तारापूर परिसरात पाण्यास रंग, वास वा तवंग आढळल्यास ते पिऊ नये. ग्रामपंचायतीस कळवून प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. तसे काही न आढळले तरी ठरावीक काळाने तपासणी करवावी.

शेवटी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारावा. “तपासल्यावाचून सांगता येत नाही, गुरुजी,” असे उत्तर आले, म्हणजे पाठ साधला.