बायसच्या स्क्रूला हात लावण्याआधी

पॉवर ट्यूबची प्लेट लाल दिसली की बहुतेकांचा हात थेट बायसच्या स्क्रूकडे जातो. माझ्या मित्राच्या गिटार ॲम्पचं तेच झालं. 50 वॉटचा ॲम्प, दोन ईएल34 ट्यूब. त्यातली एक लाल व्हायची. दुरुस्तीवाल्याने नवी जुळलेली जोडी बसवली, तरी लाली कायम. मग त्याने स्क्रू फिरवून करंट उतरवला, लाली गेली, बिल झालं. माझ्याकडे ॲम्प आला तो वेगळ्याच तक्रारीने: सूर विरताना कागद फाटल्यासारखी खरखर.

प्रत्येक कॅथोड आणि अर्थ यांच्यामध्ये 1 ओहमचा रेझिस्टर होता, ही सोय मोठी. त्यावरचा 1 मिलिव्होल्ट म्हणजे 1 मिलिॲम्पिअर. एका ट्यूबचा आकडा 41, दुसरीचा 14. ॲम्प बंद करून, ट्यूब गार झाल्यावर दोघींची अदलाबदल केली. 41 त्याच सॉकेटवर राहिला! म्हणजे ट्यूब निर्दोष, खोट ॲम्पमध्ये. पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, एकीकडे उणे 46 व्होल्ट, दुसरीकडे उणे 37. आधीच्या टप्प्यातलं डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळत होता. स्क्रू दोन्ही ट्यूबांना सामाईक, त्यामुळे आजारी बाजू आवरण्याच्या नादात निरोगी ट्यूब उपाशी राहिली आणि आवाजात खरखर शिरली. दोन्ही कपलिंग कपॅसिटर बदलले, ग्रिड सारखे झाले, आणि मगच बायस लावला.

म्हणून एकच ट्यूब लाल होत असेल तर स्क्रू सोडा, आधी अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब बदला. सॉकेटपाशीच राहिली तर कपॅसिटर, सॉकेटची सैल पिन किंवा ग्रिडच्या रेझिस्टरचा सुटलेला टाका शोधा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसते, तिला मात्र घाबरू नका. ती निरुपद्रवी असते.

हिशोब सोपा आहे. ईएल34 ची प्लेट 25 वॉट सोसते. विश्रांतीत त्याच्या 70 टक्के, म्हणजे साडेसतरा वॉट, ही वरची मर्यादा. प्लेटवर 450 व्होल्ट असतील तर साधारण 39 मिलिॲम्पिअर. मी 60-65 टक्क्यांवरच थांबतो. कानाला फरक कळत नाही, ट्यूब मात्र जास्त टिकते. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीनचा थोडा करंटही मिसळतो, म्हणजे आपण प्लेटवरचा भार किंचित जास्तच धरतो. ते बरंच आहे. आणि प्लेटचं व्होल्टेज प्रत्यक्ष मोजायचं, सर्किटच्या नकाशावर छापलेलं नव्हे.

इथेच जीव सांभाळायचा. ॲम्पची वायर काढली तरी मोठे फिल्टर कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसतात. त्यांना रेझिस्टरमधून रिकामं करा आणि मीटरने खात्री करा. मीटरची क्लिप ॲम्प बंद असताना लावा, मग सुरू करा; एक हात खिशात. स्पीकर किंवा तेवढाच लोड जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मुकाल. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर काम जाणकाराला द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला आकडे विचारा.

आपल्याकडच्या विजेचंही ध्यानात ठेवा. 230 व्होल्टवर बायस लावला आणि रात्री लाइन 250 वर गेली, तर प्लेट 490 च्या आसपास पोचते. ग्रिडचं ऋण व्होल्टेजही वाढतं, पण तेवढ्याने भागत नाही. 70 टक्क्यांवरची ट्यूब 85 च्या पुढे सरकते. लाइन खालीवर होते तिथे मी बायस थोडा थंडच ठेवतो, आणि ॲम्पच्या आत चिठ्ठी चिकटवतो: तारीख, दोन्ही ट्यूबांचे आकडे, प्लेटचं आणि त्या वेळच्या लाइनचं व्होल्टेज. पुढच्या वेळी एकच आकडा हललेला दिसला, तर कुठून सुरुवात करायची ते तिथेच कळतं.