जुन्या मोटारीचा साज

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पाठीवर झूल घालतात, शिंगांना शेंब्या बसवितात आणि गळ्यात घुंगुरमाळा बांधतात. साज उतरविला म्हणून बैलाची नांगर ओढण्याची शक्ती कमी होत नाही. परंतु साज चढविल्यावाचून पोळा साजरा झाल्यासारखे वाटत नाही. मोटारीलाही असाच एक साज असतो. पुढच्या जाळीभोवतालची चौकट, दिव्यांची कडी, दारांवरून धावणाऱ्या चकचकीत पट्ट्या, काचांच्या कडा, कारखान्याच्या नावाचे बिल्ले आणि चाकांवरच्या टोप्या हे सर्व त्या साजात येते. यांतील काही भाग निव्वळ शोभेचे असतात. काही मात्र पत्र्यांचे सांधे झाकतात किंवा पावसाचे पाणी अडवितात.

ऐंशी-नव्वद वर्षांची एखादी मोडकळीस आलेली मोटार पुन्हा पूर्ववत करावयाची, म्हणजे तिचा जीर्णोद्धारच करावयाचा. हे काम जगात अनेक देशांत चालते. त्यात सर्वांत कठीण भाग कोणता असेल? इंजिन दुरुस्त करणे, असे तुम्ही म्हणाल. ते काम सोपे नाही, हे खरेच. परंतु इंजिनाचा झिजलेला भाग मापे घेऊन कुशल कारागीर लेथवर नव्याने कातू शकतो. शिवाय एकच इंजिन पुष्कळदा अनेक वर्षांच्या मोटारींत वापरलेले असते. साजाचे तसे नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याची प्रथा रूढ केली. इतर कंपन्यांनीही तिचा कित्ता गिरविला. आतील यंत्र तेच. पण नव्या वर्षी जाळी निराळी, पट्टी निराळी, बिल्ला निराळा! त्यामुळे एका वर्षाची पट्टी दुसऱ्या वर्षाच्या दारावर बसत नाही. एवढेच काय, डाव्या दाराची पट्टी उजव्या दारालाही चालत नाही. लहानशी वस्तू, पण ती हरवली म्हणजे जीर्णोद्धाराचे काम महिनोन्महिने अडून राहते.

असा भाग मिळविण्यासाठी धावाधाव करण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी लागते. या मोटारीवर मुळात काय होते? याचे उत्तर तर्काने देऊन चालत नाही. पुरावा पाहावा लागतो. जुनी छायाचित्रे, कंपनीने छापलेल्या भागांच्या याद्या, पत्र्यावरील भोके आणि जुन्या रंगाखाली उमटलेला पट्टीचा ठसा हे येथे साक्षीदार असतात. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही मोटार घ्या. ती १९२७ च्या डिसेंबरमध्ये लोकांपुढे आली आणि पुढील चार-पाच वर्षांत अशा ४८ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. १९२८ व १९२९ च्या मोटारींत पुढील चौकटीवर निकेलचा मुलामा होता. १९३० पासून ती चौकट गंज न चढणाऱ्या पोलादाची होऊ लागली. निकेलची झाक किंचित पिवळसर व उबदार असते. क्रोमियमची झाक निळसर व थंड. म्हणून १९२८ च्या चौकटीला कोणी क्रोमियमचा मुलामा दिला, तर ती अधिक लखलखेल, पण खरी दिसणार नाही. जाणकार मनुष्य दहा पावलांवरूनच ती चूक ओळखील.

पुरावा हाती आल्यावर पहिला नियम असा की, जुना भाग वाचविता येत असेल तर तो टाकू नये. पोलादी पट्टीला पोचे पडले असतील, तर कारागीर ती लहान ऐरणीवर ठेवितो आणि आतील बाजूने छोट्या हातोडीचे हलके ठोके देतो. पुण्याचे तांबट भांडे मठारतात, तेव्हा असेच हजारो नेमके ठोके पडत असतात. एक ठोका जोराने बसला, तर पट्टी ताणली जाते आणि पोच्याच्या जागी उंचवटा येतो. पोचा वर आला म्हणजे बारीक कानस फिरवावयाची, मग क्रमाने अधिकाधिक बारीक पॉलिश कागदाने घासावयाचे आणि शेवटी फिरत्या कापडी चाकावर झिलई आणावयाची.

जस्ताच्या मिश्रधातूचे भाग याहून हट्टी असतात. दारांच्या मुठी व बिल्ले पुष्कळदा या धातूचे ओतलेले असतात. मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरते, धातू पोखरला जातो आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. अशा वेळी जुना मुलामा काढून टाकावा लागतो. नंतर खड्डे साफ करून त्यावर तांब्याचा थर देतात, खड्डे डाकाने भरतात, पुन्हा तांब्याचा थर देऊन सारे गुळगुळीत करितात. त्यानंतर निकेल आणि सर्वांत शेवटी क्रोमियम. हा क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यामुळे तो खालचा दोष झाकीत नाही. उलट चकाकीमुळे तो अधिकच उठून दिसतो. मुलामा देण्याची रसायने विषारी असल्याने हे काम तज्ज्ञांनी, योग्य ती काळजी घेऊनच करावयाचे असते.

पण भागच हरवला असेल तर? मग शोधाला निघावे लागते. अमेरिकेत जुन्या मोटारींच्या शौकिनांची एक मोठी संस्था १९३५ साली स्थापन झाली. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी १९५५ पासून तिचे शरद ऋतूतील संमेलन भरत आले आहे. तेथे जुन्या भागांचा मोठा बाजारही भरतो. गंजलेल्या पट्ट्यांच्या राशीतून हवी ती एक पट्टी शोधीत लोक दिवस दिवस हिंडतात. त्यांच्या हातात मोजपट्टी आणि मूळ भागाचे चित्र असते. कारण ‘अगदी तशीच दिसते’ एवढ्यावर विसंबले, तर घरी गेल्यावर भोके जुळत नाहीत.

शोधूनही मिळाले नाही, तर भाग नव्याने घडवावा लागतो. एखादा बिल्ला पितळेत ओतावयाचा आहे, असे समजा. ओतारी ओलसर वाळूत नमुना दाबून पोकळी तयार करितो आणि तीत वितळलेला धातू ओततो. कोणाजवळून जुना बिल्ला उसना आणून त्याचाच ठसा वाळूत घेतला, तर काम झाले असे वाटेल. परंतु धातू थिजताना आकसतो. पितळ दर शंभर भागांत सुमारे दीड भाग आकसते. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीचा भाग सुमारे साडेचार मिलिमीटरांनी आखूड होईल आणि जागेवर बसणार नाही! म्हणून नमुना मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. नमुने घडविणारे कारागीर यासाठी एक खास फूटपट्टी वापरीत आले आहेत. तिच्यावरील प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा असतो. आता प्रकाशकिरणांच्या साहाय्याने जुन्या भागाची मापे घेता येतात, संगणकावर त्याचे चित्र हवे तेवढे वाढविता येते आणि त्रिमितीय छपाईने नमुना तयार करिता येतो. परंतु शेवटची कानस, शेवटची झिलई आणि जागेवर नेमके बसविणे यांना हात आणि डोळे यांचीच गरज असते.

या साऱ्या कामात एक मोह फार मोठा असतो. १९४१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. क्रोमियम, निकेल, तांबे हे धातू युद्धसाहित्यासाठी हवे होते. म्हणून १९४२ च्या आरंभी तयार झालेल्या मोटारींवर बंपर वगळता चमकदार साज लावण्यास मनाई झाली. ज्या पट्ट्या एरवी चकाकत, त्या साध्या रंगाने रंगविण्यात आल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सामान्य लोकांसाठी मोटारी बनविणेच थांबले. त्यामुळे अशा रंगविलेल्या साजाच्या मोटारी थोड्याच झाल्या. आज अशी मोटार एखाद्याच्या हाती आली, तर त्याने काय करावे? चकाकत्या पट्ट्या बसविल्या, तर प्रदर्शनात प्रेक्षक वाहवा करितील. पण युद्धकाळात एका देशाने आपल्या शोभेला कशी कात्री लावली, ही त्या मोटारीने जपलेली हकीकत कायमची पुसली जाईल. खरा जीर्णोद्धार करणारा त्या पट्ट्या रंगवूनच बसवितो. पाहणारे विचारतात, “साज असा फिका का?” तेव्हा त्याला ती हकीकत सांगता येते.

नव्या भागाविषयीही असाच प्रामाणिकपणा पाळावा लागतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली एक सनद स्वीकारली. बदललेले भाग ओळखता यावेत म्हणून त्यांवर खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असे तिचे सांगणे आहे. म्हणून चांगला कारागीर नव्या पट्टीच्या मागील बाजूस, कोणाला सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, वर्षाचा आकडा कोरतो. काढलेला जुना तुकडा तो कागदात गुंडाळून, नाव घालून जपून ठेवितो. पुढे पन्नास वर्षांनी दुसरा कोणी ती मोटार उघडील, तेव्हा मूळचे काय आणि मागाहूनचे काय हे त्याला कळावे, हा त्यातील हेतू.

मुलांनो, जुने देऊळ असो, जुनी पोथी असो वा जुनी मोटार असो, ती दुरुस्त करणारा मनुष्य तिचा काही काळापुरता राखणदार असतो. नवा भाग इतका बेमालूम बसावा की नजरेला खटकू नये; पण मागे वळवून पाहिले, तर आपण नवे आहोत हे त्याने खरे सांगावे.

स्वाध्याय

१. मोटारीच्या इंजिनाच्या भागापेक्षा तिच्या साजाचा भाग मिळणे कठीण का असते?
२. जुन्या बिल्ल्याचाच ठसा घेऊन नवा बिल्ला ओतला, तर कोणती अडचण येईल?
३. १९४२ च्या मोटारींवरील पट्ट्या रंगविलेल्या का होत्या? त्या तशाच ठेवणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
४. तुमच्या गावातील तांबट, ओतारी, सुतार किंवा लोहार यांचे काम पाहा व त्यांच्या हत्यारांची नावे लिहून आणा.