आलेखावर बोट ठेवलं, तर दिवस कसा कळतो?

प्रश्न : जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा आलेख दाखवणारं अ‍ॅप मी बनवते आहे. रेघेवर बोट ठेवलं की त्या दिवसाचा साठा दिसायला हवा. पण आलेख म्हणजे तर नुसतं चित्र. बोट कोणत्या दिवसावर पडलं हे प्रोग्रामला कळतं कसं? आणि पाणी झपाट्याने वाढतं तेव्हाच आकडा मागच्यापुढच्या दिवसाचा का येतो?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बोट टेकलं की प्रोग्रामच्या हाती दोनच आकडे येतात : डावीकडून किती पिक्सेल आणि वरून किती. धरण, तारीख, टीएमसी यांचा त्यात पत्ता नसतो. दिवस शोधायचा तर आलेख आखताना केलेलं गणित उलटं करावं लागतं.

समजा, १ जून ते ३१ ऑक्टोबर हे १५३ दिवस तुम्ही ३०६ पिक्सेल रुंदीत बसवलेत. म्हणजे दिवसाला २ पिक्सेल. बोट डाव्या कडेपासून १३० पिक्सेलवर पडलं, तर १ जूननंतरचा ६५वा दिवस, म्हणजे ५ ऑगस्ट. डी-थ्री या लायब्ररीत हे उलटं गणित ‘इनव्हर्ट’ या नावाने तयार मिळतं. मात्र अक्षावरच्या आकड्यांसाठी डावीकडे सोडलेली जागा आधी वजा करा. ती ४० पिक्सेल असेल आणि वजा करायची राहिली, तर उत्तर २० दिवसांनी चुकेल.

आलेख एसव्हीजीत काढला असेल, तर प्रत्येक बिंदू स्वतंत्र घटक म्हणून काढता येतो आणि कोणावर क्लिक झालं ते ब्राउझरच सांगतो. कॅनव्हासवर मात्र रंगवून झालं की उरतात फक्त रंगीत ठिपके. चार्ट-जेएस ही लायब्ररी आलेख कॅनव्हासवर काढते, म्हणून शोधाचं गणित ती स्वतः करते.

आता दुसरा प्रश्न. अँड्रॉइडच्या शिफारशीनुसार बोटाने दाबायची जागा किमान ४८ एकक रुंद असावी. तुमच्या आलेखात तेवढ्यात २४ दिवस मावतात! नेमका बिंदू गाठणं अशक्य, म्हणून जवळचा बिंदू धरतात. पण चार्ट-जेएसमधली ‘नियरेस्ट’ ही पद्धत आडवं आणि उभं, दोन्ही अंतर मोजते. नाशिककडचं पाणी आलं की नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, रेघ एकदम चढते. अशा चढावर बोट जरा वर पडलं, तरी दुसऱ्याच दिवसाचा बिंदू जवळ ठरतो. उपाय सोपा आहे : ‘इंडेक्स’ पद्धत वापरा आणि ‘इंटरसेक्ट’ बंद ठेवा. मग फक्त आडवं अंतर मोजलं जाईल.

आणखी दोन गोष्टी आवर्जून करा. एखाद्या दिवसाची नोंद नसेल, तर शेजारचा आकडा गुपचूप दाखवला जातो. म्हणून आकड्याशेजारी तारीख हवीच. दुसरं, जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, तर उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. मधलं पाणी मृतसाठ्याचं. टक्केवारी यांपैकी कशाची, हे चौकटीत स्पष्ट लिहा. या आकड्यावरून शेतकरी कालव्याच्या आवर्तनाचा आणि शहर आपल्या नळाचा अंदाज बांधतं. त्यांना अचूक उत्तर देणं हे तुमच्या प्रोग्रामचं पहिलं काम आहे.