बाळाची नजर

बाळ मेंदूज्वरातून उठले. ताप उतरला. घरी सगळ्यांना हायसे वाटले. पण आजीच्या लक्षात आले.

"अगं, हा दिव्याकडं बघत का न्हाई?"

"डोळे तर चांगले दिसतात, आत्याबाई."

डोळे चांगले असून दिसत नाही, असे होते का? होते. कसे ते पाहू.

सणसरच्या शेतकऱ्याला नीरा डावा कालवा ठाऊक आहे. दार उघडले तरी मधली चारी फुटली असेल, तर रान कोरडेच राहते. नजरेचेही तसेच आहे. डोळा हे दार. डोळ्यामागून नस निघते, ती चारी. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे, ते रान. तिथे संदेश पोचला, तरच आपल्याला दिसते.

मेंदूभोवती पातळ आवरणे असतात. जंतूंमुळे त्यांना सूज येते. ती सूज, किंवा डोक्यात साठलेले पाणी, या चारीला इजा करते. क्षयाच्या जंतूंनी झालेल्या मेंदूज्वरात ही भीती जास्त असते.

आता वयाची गोष्ट. तान्ह्या बाळाची चारी कच्ची असते. नसेवर एक स्निग्ध थर चढत जातो. हे काम पहिली दोन वर्षे चालते. कच्च्या चारीत पाणी हळू जाते, अस्तर केलेल्या चारीत झरझर जाते. संदेशाचेही तसेच आहे.

डॉक्टर बाळाच्या डोक्याला तारा चिकटवतात आणि उजेडाची उघडझाप दाखवतात. संदेश मेंदूत पोचायला किती वेळ लागला, ते यंत्र मोजते. यात दुखत नाही, आणि बाळाला बोलावेही लागत नाही. मोठ्या माणसाला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. तान्ह्याला जास्त लागतो. तो रोग नव्हे, ते वय. म्हणून बाळाची तुलना त्याच्याच वयाच्या निरोगी बाळाशी करतात. त्याहून उशीर झाला, तर चारीला इजा झाली असे समजतात.

मोठे मूल "दिसत नाही" म्हणून सांगते. तान्हे कसे सांगणार? ते आपणच ओळखले पाहिजे. पण धीर सोडू नये. तान्ह्याचा मेंदू वाढत असतो. काही बाळांची नजर पुढच्या महिन्यांत सुधारते. म्हणून तपासणी एकदा करून थांबू नये.

ऊसतोडीला आलेल्या आयाबायांनी तर हे जास्त ध्यानात ठेवावे. बिऱ्हाड हलते, आणि बाळाची लस व तपासणी राहून जाते. लसीचे कार्ड जवळ ठेवा. ज्या गावी जाल, तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवा.

लक्षात ठेवा :

1. ताप, झटके, दूध न ओढणे, गुंगी, फुगलेली टाळू, ही लक्षणे दिसली तर वेळ घालवू नका. 108 नंबरला फोन करा.
2. जन्मल्यावर बीसीजीची लस द्या. दीड महिन्यापासून पुढच्या लसी वेळेवर द्या. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात.
3. आजारातून उठल्यावर बाळाचे डोळे तपासा. कानही तपासा.

सांगा पाहू :

तीन महिन्यांचे बाळ आईच्या तोंडाकडे बघत नसेल, तर काय कराल?