कंपनी काढताय? मग एवढं वाचाच!



फायनल इयर आलं की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'कंपनी' जन्माला येते. आमच्याही रूमवर आली. तिघे मित्र, एक प्रोजेक्ट आणि नाव काय ठेवायचं यावर रात्रभर वाद! नाव ठरलं, पण कायदा कोणीच वाचला नव्हता. मी तो वाचला माझ्या चुलतभावामुळे.

दादाचं संगमनेरला नाशिक-पुणे रस्त्यालगत कडबाकुट्टी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. दुधाचा तालुका असल्याने कामाला तोटा नाही. स्वतःचं यंत्र विकायचं म्हणून त्याने दहा हजार भांडवलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. यंत्र बाजारात आलं नाही आणि कंपनी कागदावरच राहिली. "धंदाच नाही तर हिशोब कसला द्यायचा?" असं तो म्हणायचा. पुढे सी.ए.ने थकलेला आकडा सांगितला, त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपनी काढणं सोपं झालं हे खरंच आहे. १९५६ च्या कायद्यात एकट्याला कंपनी काढता येत नव्हती. २०१३ च्या कायद्याने 'एक व्यक्ती कंपनी' आणली. प्रायव्हेट कंपनीला किमान १ लाख भांडवलाची अट होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने गेली. लहान कंपनीला वर्षात चारऐवजी दोनच संचालक बैठका पुरतात. २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी अनेक चुकांची फौजदारी शिक्षा जाऊन तिथे नुसता दंड आला. लहान कंपनीला तो जास्तीत जास्त निम्माच बसतो.

पण नाण्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट आणि दरवर्षीचे दोन फॉर्म, एओसी-४ व एमजीटी-७ए, चुकत नाहीत. पूर्वी उशीर झाला तर मूळ फीच्या जास्तीत जास्त १२ पट भरावे लागत. लहान भांडवलाची मूळ फी २०० रुपये, म्हणजे एका फॉर्मला २,४०० वर मीटर थांबायचं. १ जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये लागू झाले, तेही कमाल मर्यादेशिवाय. भांडवल दहा हजार असो की दहा कोटी, दर तोच!

दादाचं गणित करा. पहिल्या वर्षाचे फॉर्म ७३० दिवस थकले, दुसऱ्याचे ३६५. एकूण १,०९५ दिवस गुणिले २०० म्हणजे २,१९,००० रुपये. 'निम्म्या'ची सवलत दंडाला आहे, या लेट फीला नाही. सरकारने २०२० मध्ये लेट फी माफ करण्याची योजना आणली होती, पण अशा योजनेच्या भरवशावर बसणं धोक्याचं. सलग तीन वर्षं फॉर्म चुकले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये असे तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरले होते.

मग करायचं काय? सुरुवातीला एकट्याची फर्म किंवा भागीदारी पुरते. जबाबदारी मर्यादित हवी असेल तर २००८ च्या कायद्याची एल.एल.पी. आहे. तिला ४० लाखांपर्यंत उलाढाल आणि २५ लाखांपर्यंत भांडवल असेल तर ऑडिटची सक्ती नाही, पण वार्षिक फॉर्म मात्र तिलाही आहेत. कंपनी काढलीच आणि काम थांबलं, तर कलम ४५५ खाली तिला 'सुप्त' दर्जा मागता येतो किंवा कलम २४८ खाली नाव काढून घेता येतं. हे वेळेवर करा, कारण नाव काढायलाही आधी थकलेले फॉर्म भरावे लागतात.

दादाने पैसे हप्त्याहप्त्याने उभे केले, फॉर्म भरले आणि कंपनी बंद केली. वर्कशॉप मात्र जोरात चालू आहे. आमच्या रूमवरची 'कंपनी' आम्ही अजून नोंदवलेली नाही. पहिली ऑर्डर येऊ द्या, मग बघू! तोवर नाव वहीत लिहून ठेवलंय. वहीला लेट फी नसते.