अंगठा देण्याआधी

समजा, नाशकात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. संध्याकाळी द्वारका चौकात रस्ता ओलांडताना त्यांना मोटारीची धडक बसली. पाय मोडला.

मोटारवाल्याने त्यांना दवाखान्यात नेले. हातावर पाच हजार रुपये ठेवले. मग एक कागद पुढे केला. म्हणाला, "मावशी, इथं अंगठा द्या. मिटवून टाकू."

मावशींना वाचता येत नव्हते. पण त्यांची सून रात्रीच्या वर्गाला जाते. तिने अक्षर अक्षर जुळवून कागद वाचला : 'भरपाई पोहोचली. माझी काही तक्रार नाही.' ती म्हणाली, "आत्याबाई, थांबा. अंगठा देऊ नका."

सुनेने बरोबर केले. का, ते आपण पाहू.

जखमी माणसाला दवाखान्यात नेणे हा उपकार नव्हे. कायद्याने ते चालकाचे कर्तव्यच आहे. आणि पाय मोडला म्हणजे नुसता औषधाचा खर्च नसतो. तीन-चार महिने पाटी उचलता येत नाही. घरात पैसा येत नाही. पाय अधू राहिला तर जन्माची कमाई घटते. हे सारे भरपाईत धरावे लागते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती जखम पाहू नका. त्या जखमेने त्या माणसाच्या कामधंद्याचे किती नुकसान झाले, ते पाहा. हात गेला तर सुताराचा धंदाच बसतो. कारकुनाचे तसे नसते.

भरपाई कोण देतो? प्रत्येक मोटारीचा विमा उतरवलाच पाहिजे, असा कायदा आहे. म्हणून बहुधा विमा कंपनी पैसे देते.

मग काय करावे?

पहिले, मोटारीचा नंबर टिपून घ्यावा. नंबर वाचता येणे किती कामाचे, पाहा बरं!

दुसरे, पोलिसांत खबर द्यावी आणि तिची नक्कल घ्यावी.

तिसरे, दवाखान्याचे कागद, औषधाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

चौथे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. अपघात दुसऱ्या गावी झाला, तरी आपण राहतो तिथे अर्ज चालतो. सहा महिन्यांच्या आत करावा. उशीर झाला तरी खचू नये, वकिलाला विचारावे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायांना फुकट वकील देते. मग उत्पन्न कितीही असो. गरीब पुरुषांनाही देते.

पायी चालणाऱ्याचीही थोडी चूक असली, तर तेवढी भरपाई कमी होते. दावा बुडत नाही. कोणाची चूक ते सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच. मात्र ही रक्कम घेतली, की मोठा दावा संपतो. म्हणून आधी नीट विचार करावा. मोटारवाला पळून गेला आणि सापडलाच नाही, तर सरकारी योजनेतून पन्नास हजार रुपये मिळतात.

आम्ही एवढेच सांगतो : भांडण वाढवू नका, पण हक्कही सोडू नका. न वाचलेल्या कागदावर अंगठा नको, आणि सहीही नको.

सांगा पाहू :
१. सुनेने कागदावर काय वाचले?
२. कोणकोणते कागद जपून ठेवावेत?
३. मोटारीचा नंबर कशाला टिपायचा?