पंखाचा छेद : शोध आणि निवड

कला शाखेच्या वार्षिकांकात विमानाच्या पंखावरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु नाशिककराला विमानाचे वेड लागण्यासाठी शास्त्र शाखेतच प्रवेश घ्यावा लागतो असे नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० ही विमाने तेथे तयार झाली. एन.सी.सी.च्या विमान शाखेत तर छोटी विमाने बनवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. बाल्साच्या पट्ट्या, डिंक आणि पातळ कागद घेऊन बसणाऱ्यांपैकी मीही एक. या छंदात सर्वांत अवघड वाटणाऱ्या एका प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे : पंखाचा छेद कोणता घ्यावा, आणि तो शोधावा कोठे?

प्रथम छेद म्हणजे काय ते पाहू. पंख पुढून मागे सरळ कापला तर कापलेल्या जागी जी आकृती दिसते तो छेद. तंत्रज्ञ त्याला एअरफॉइल म्हणतात. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे सरळ अंतर ही त्याची जीवा. जाडी आणि बाक ही दोन्ही मापे या जीवेच्या टक्क्यांत सांगतात. त्यामुळे एकच छेद वीतभर पंखालाही काढता येतो आणि दोन मीटर रुंद पंखालाही. ही सोय मोठी आहे. फसगतीचे मूळही तिच्यातच आहे.

छेदांची नावे प्रथमदर्शनी गूढ वाटतात, पण ती वाचता येतात. अमेरिकेतील ‘नाका’ या संस्थेने (आजच्या ‘नासा’ची ही पूर्वज) १९३३ साली ७८ छेदांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्या मालिकेतील नाका २४१२ हे नाव घ्या. पहिला २ म्हणजे बाक जीवेच्या २ टक्के. ४ म्हणजे सर्वाधिक बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर. १२ म्हणजे जाडी १२ टक्के. ००१२ असे नाव असेल तर बाक मुळीच नाही, वरची व खालची बाजू सारखी. दुसरा प्रसिद्ध छेद क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली तो आखला आणि १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो याच छेदाच्या पंखांवर. आज इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहात दीड हजारांहून अधिक छेदांची कोष्टके कोणालाही विनामूल्य मिळतात. शोधण्याची अडचण आता उरलेली नाही. उरली आहे ती निवडीची.

येथेच मोह होतो. जे छेद खऱ्या विमानाला तोलतात ते आपल्या छोट्या विमानाला का तोलणार नाहीत? याचे उत्तर ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या १८८३ सालच्या प्रयोगांत आहे. वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचे नाते सांगणारा अंक त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो काढणे सोपे आहे. वेग मीटर-सेकंदात व जीवा मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला सत्तर हजारांनी गुणावे. हा गुणक समुद्रसपाटीचा. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर. येथे उन्हाच्या दिवसांत साठ हजार धरणे बरे. पंधरा सेंटिमीटर जीवेचे ग्लायडर सेकंदाला आठ मीटर वेगाने जात असेल, तर अंक येतो ७२,०००. लिंडबर्गच्या विमानाचा अंक साठ लाखांच्या घरात होता.

या तफावतीचा परिणाम पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरावर होतो. मोठ्या पंखावर हा थर लवकरच खळबळतो. वरची वेगवान हवा त्यात मिसळत राहते आणि तो पाठीला धरून राहतो. छोट्या पंखावर थर संथ असतो. जाड छेदाचा उंचवटा ओलांडताना त्याचा जोर संपतो आणि तो पृष्ठभाग सोडून देतो. मग उचल घटते आणि ओढ वाढते. जर्मन संशोधक श्मिट्झ यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कमी अंकाला सुमारे १२ टक्के जाडीच्या छेदापेक्षा नुसती वाकवलेली पातळ पट्टी सरस ठरली. निसर्गालाही हे ठाऊक आहे. हिवाळ्यात नांदूर-मध्यमेश्वरला करकोचा उतरताना पाहावा : पंख पातळ आणि कमानदार. ऑटो लिलिएन्थाल यांनीही करकोच्यांचाच अभ्यास करून १८८९ साली आपला ग्रंथ सिद्ध केला होता.

तेव्हा निवड कामावरून करावी. हाताने फेकण्याच्या छोट्या ग्लायडरला ५-६ टक्के जाडीचा पातळ छेद पुरतो. उलटसुलट कसरती करणाऱ्या विमानाला नाका ००१५ सारखा सममित छेद हवा, कारण उलटे झाल्यावरही त्याला तेवढीच उचल मिळाली पाहिजे. वीस-पंचवीस सेंटिमीटर जीवेच्या, इंजिनावर चालणाऱ्या शिकाऊ विमानाला क्लार्क वाय उत्तम. त्याची खालची बाजू ३० टक्क्यांपासून मागे सपाट असल्याने पंख टेबलावर ठेवून जोडता येतो.

आपल्या पंधरा सेंटिमीटरच्या ग्लायडरला मात्र हाच छेद बारीक करून घ्यावा. क्लार्क वायची जाडी ११.७ टक्के, सर्व उंच्या ०.७ ने गुणल्या की ती सुमारे ८ टक्के होते. मग वरच्या बाजूची मापे अशी : पुढच्या कडेपासून १५ मिलिमीटरवर उंची १०.१ मिलिमीटर, ४५ वर १२.३, ९० वर ९.६ आणि १३५ वर २.९. मधले बिंदू कोष्टकावरून घेऊन ते आलेख-कागदावर मांडावेत, हलक्या हाताने जोडावेत आणि त्यावरून पत्र्याचा किंवा प्लायवुडचा साचा कापावा. सर्व फासळ्या त्याच साच्याने कापाव्यात. एवढे करूनही विमान जड वाटले तर पुढच्या कडेच्या थोडे मागे, पंखाच्या लांबीभर, एक बारीक दोरा चिकटवून पाहावा. तो संथ थराला मुद्दाम खळबळवतो आणि हवा पाठीला धरून राहते.

एका पंखामागे कित्येक संध्याकाळी जातात आणि बाल्सा स्वस्त नाही. म्हणून सुरी हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे गुणाकाराला द्यावीत, एवढेच माझे माझ्या मित्रांना सांगणे आहे. छेद चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. किती मोठ्या पंखासाठी आणि किती वेगासाठी, हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही. ओझरच्या आकाशातील विमान पाहून स्फूर्ती जरूर घ्यावी. माप मात्र आपल्याच पंखाचे घ्यावे.